चालत्या पाण्याचा तुंबा

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे, म्हणजे वाळलेल्या कडू भोपळ्याचं पाण्याचं भांडं. सध्या सोमारीच्या घरात चुलीच्या वर आढ्याला टांगलेला असतो. पण टांगून राहणं मला कधीच जमलं नाही. वारा आला की मी हलतो. दार करकरलं की वाटतं, आलं कोणी तरी मला खांद्यावर घ्यायला. इतकी वर्षं झाली, अजून ती सवय गेली नाही.

माझा जन्म गडचिरोली जिल्ह्यातला. एटापल्ली मागे टाकून डांबरी रस्ता जंगलात शिरतो, तिथल्या एका लहान गावात सोमारीच्या परसात बांबूचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणावर माझा वेल. आमची जात कडू, म्हणून आमची भाजी कोणी करत नाही. एरवी मी कोवळेपणीच चुलीवर गेलो असतो आणि ही गोष्ट सांगायला उरलो नसतो. वेलावर मी मोठा झालो, थंडी खाल्ली, हळूहळू वाळलो. मग सोमारीचा नवरा कोलू यानं मला उतरवलं. देठापाशी गोल भोक पाडलं आणि पोटात पाणी भरून मला कोपऱ्यात ठेवलं. आतला गर कुजू लागला तेव्हा असा वास सुटला की कोंबड्याही वाट बदलून जायच्या. गर मऊ झाल्यावर त्यानं माझ्यात वाळू आणि बारीक खडे घातले, मला खळखळ हलवलं आणि सगळं बाहेर ओतलं. असं त्यानं कितीदा तरी केलं.

एवढं करूनही एक बी माझ्या तळाशी अडकून राहिलं. सुटं तर झालं, पण भोकातून बाहेर पडेना. कोलूनं मला कानाशी धरून हलवलं आणि तो हसला. म्हणाला, "राहू दे. तुंबा रिकामा झाला का हा आवाज देईन."

तेव्हापासून ते बी माझं बोलणं झालं. पोट भरलेलं असलं की मी गप्प. पाणी संपलं की चालताना खुळुक, खुळुक.

कोलूनं मला मोईनच्या झाडाच्या सालीची दोरी बांधली आणि पळसाच्या पानाचं बूच केलं. सोमारीबरोबर माझं फिरणं सुरू झालं. मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला, धानाच्या बांधीवर, बाजाराला. मित्रांनो, उन्हात चालून आलेला माणूस तुंब्यातलं पाणी पितो तेव्हा त्याचा चेहरा बघावा. बाजारात लोक सोमारीला मुद्दाम थांबवून म्हणायचे, तुझ्या तुंब्याचं पाणी दे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पण पहिला घोट कोणाच्याच तोंडात जात नसे. सोमारी आधी चार थेंब जमिनीवर सांडायची. लहानपणी सुनिल, तिचा मुलगा, फार तहानलेला असला की तिच्या हाताला ओढायचा. तरी ती थांबायची. "आधी तिले," म्हणायची. ती म्हणजे माती. ही माणसं घरात गोंडी बोलतात, पण तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं इकडच्या मराठीत सांगतो आहे.

पुढे कोलू गेला. सुनिल आश्रमशाळेत शिकला आणि बल्लारपूरला कामाला लागला. त्यानं मोटरसायकल घेतली, लग्न केलं, मुलगी झाली, दिव्या. घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्या हलक्या, फुटत नाहीत, पिशवीत मावतात. मी आढ्याला गेलो. माझ्यावर धूर बसला. रिकाम्या पोटात बी होतंच. वाऱ्यानं मी हललो की ते वाजायचं, पण आता ते ऐकून मला भरायला कोणी उठत नव्हतं.

मग एका पावसाळ्यात दिव्या आजीकडे आली असताना तिला ताप आला. हा आमच्याकडचा हिवताप, डोक्यात चढणारा. तिला गाडीत घालून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. आई-वडील तिच्यापाशी होते. सोमारी गावात एकटी राहिली. घरात येरझाऱ्या घालायची, चूल पेटवायची आणि भात टाकायला विसरायची. एका सकाळी ती अंगणात उभी राहिली, डोंगराकडे तोंड केलं आणि नवस बोलली की पोरगी हसतखेळत परत आली तर मी तिला घेऊन पाणी आणीन.

त्या घराची रीत अशी होती. दुखणं सरलं की आपल्या गावच्या झऱ्याचं पाणी तुंब्यात भरायचं आणि डोंगरावरच्या पेनठाण्यावर, म्हणजे आपल्या कुळाच्या देवाच्या जागी, न्यायचं. वर्षातून एकदा तिथं सगळे जमतात, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ते पोचलं पाहिजे. आणि एकदा भरलेलं पाणी वाटेत थांबवायचं नाही. बसायचं झालं तर एकानं बसावं, दुसऱ्यानं तुंबा घेऊन चालत राहावं. आभार मानायला निघालेलं पाणी चालतं असावं, असं सोमारीची सासू सांगायची.

दिव्या बरी झाली. मला आढ्यावरून उतरवलं, राखेनं घासलं. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

डोंगरावर जमायच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सुनिल दिव्याला घेऊन बल्लारपूरहून आला तोच घाईत. पाणी वाहून झालं की लगेच दुसऱ्या सकाळी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. पायवाटेनं जंगलातून जायचं, असं सोमारीचं म्हणणं. सुनिल म्हणाला, गाडी कशाला घेतली मग? रस्ता वळसा घालून जातो, पण गाडीवर तासाभराचं काम. गाडीवर पाणी थांबत तर नाही ना? सोमारीनं पायवाटेचा हट्ट सोडला. भल्या सकाळी तिनं मला झऱ्यात भरलं आणि आम्ही निघालो. पुढे सुनिल, मध्ये दिव्या, मागे सोमारी आणि तिच्या खांद्यावर मी. पोट भरलेलं, म्हणून मी गप्प होतो. पण वाऱ्यात झाडं मागे पळत होती आणि मला एकही झाड ओळखू येत नव्हतं.

डोंगर समोर दिसू लागला तेव्हा चढावर गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. काल एटापल्लीला पंपावर रांग होती म्हणून सुनिल न थांबता पुढे आला होता. जवळच चार घरांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, होती. तिथं लालसू नावाचा म्हातारा आपल्या दुकानात पेट्रोलही विकतो. सुनिल म्हणाला, तुम्ही सावलीत बसा, मी घेऊन येतो. सोमारीनं लगेच मला त्याच्या खांद्यावर अडकवलं. "तू चालून राह्यला ना, मंग तुंबा बी ने. पानी थांबाले नोको."

लालसूच्या दुकानात पेट्रोल होतं, पण ते भरून द्यायला बाटली एकही उरली नव्हती. डोंगरावर जाणाऱ्या गर्दीनं सकाळीच सगळ्या नेल्या होत्या. भांडं आण, तो म्हणाला. सुनिलकडे भांडं कुठलं? दिव्याची पाण्याची बाटली होती, पण ती मागे तिच्याजवळ. नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या पोरीचं पाणी कसं घ्यायचं? त्यानं फोनवर वेळ पाहिली, डोंगराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, त्याला वाईट काही करायचं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी नाला आहे, तिथं पुन्हा भरू, एवढाच त्याचा विचार. त्यानं माझं बूच काढलं आणि मला रस्त्याच्या कडेला धुळीत उलटं धरलं.

लालसूनं डोळे बारीक केले. "तुंब्यात भरतं? मंग याच्यात पानी पेता नाई येनार, बाबू."

"नवीन करू. परसात लागतेतच," सुनिल म्हणाला.

ते पेट्रोल माझ्या पोटात शिरलं तेव्हा थंड लागलं आणि मग भाजलं. आयुष्यभर मी झऱ्याचं पाणी धरलं होतं. तळाचं बी एकदा हललं आणि बुडून गप्प झालं.

आम्ही परत पोचायच्या आधीच सोमारीला वास आला होता. ती उठून उभी होती. तिनं विचारलं, "पानी कुठी हाय?"

"माय, खाली नाला हाय ना. तिथचं भरू. पानी ते पानीच."

सोमारीनं माझ्या तोंडाशी नाक नेलं. मग म्हणाली, "पोरगी तापात होती, तवा डॉक्टरले मनला का तू, औषध ते औषधच, कोनतं बी द्या मनून?"

सुनिलनं मान खाली घातली आणि घाईघाईनं मला गाडीच्या टाकीत रिकामं केलं. गाडी सुरू झाली, दोनदा खोकली आणि बंद पडली. तो पुन्हा पुन्हा किक मारत राहिला. मला कारण माहीत होतं, पण मी सांगणार कसा? तुंब्याच्या आतल्या अंगात पाणी मुरलेलं असतं. शिवाय उलटा केला तरी तळाशी थोडं राहतं. ते सगळं पाणी पेट्रोलबरोबर टाकीत गेलं होतं. आवाज ऐकून लालसू काठी टेकत आला, टाकीत डोकावला, माझा वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"वा रे! गाडीले पानी पाजलं आन देवाले पेट्रोल."

कोणी हसलं नाही. दिव्या मला हातात घेऊन हलवत होती. खुळुक, खुळुक. तिनं वर पाहून विचारलं, "बाबा, माह्यं पानी सांडलं का?"

आईच्या बोलण्यानं सुनिलची मान खाली गेली होती. या प्रश्नानं मात्र तो रस्त्याच्या कडेला खालीच बसला. फोन वाजला, कामावरून होता. त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं उठला आणि म्हणाला, "मी झऱ्यावरून आनतो. चालत जातो. पायवाट कोनती?"

लहानपणापासून आश्रमशाळेत राहिलेला मुलगा. त्या वाटेनं तो स्वतःच्या पायांनी कधी गेलाच नव्हता. सोमारीनं सांगितलं ते असं. आधी मोठा ऐन येईल, त्याच्या बुंध्याला तुझ्या बापानं दर वर्षी हात जोडले आहेत. तिथून उजवीकडे मोहाचं वाकडं झाड. त्याची फुलं विकून तुझी शाळेची पुस्तकं आली. पुढे सपाट खडक, मी पानं तोडायची तेव्हा त्याच्या सावलीत तुला झोपवायची. मग वारूळ, मग जांभळीची रांग, मग आपला झरा. जाताना प्रत्येकाला हात लाव. येताना प्रत्येकाला चार थेंब दे. एकालाही विसरू नको, म्हणजे वाट चुकणार नाही.

लालसूनं आपला तुंबा दिला. देताना म्हणाला, "याच्यात तेल नोको भरजो." सोमारीनं मलाही सुनिलच्या दुसऱ्या खांद्यावर टाकलं. झऱ्यात धुऊन आण, म्हणाली. मग ती दिव्याला आणि लालसूला घेऊन हळूहळू डोंगराकडे निघाली.

सुनिल धावत सुटला. ऐन त्यानं ओळखला, जाता जाता थाप मारली आणि पुढे पळाला. मी त्याच्या पाठीवर आपटत होतो, बी आत आपटत होतं. मोहाचं झाड कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. पाहता पाहता चहूकडे बांबू लागला. दाट, उंच, सगळीकडे सारखा. पायवाट दिसेनाशी झाली. त्यानं फोन काढला, नेटवर्क नव्हतं. इकडे पळाला, तिकडे पळाला. सूर्य माथ्यावर आला होता. मला वाटलं, संपलं. आता हे पाणी कधीच पोचत नाही.

शेवटी तो थांबला. छाती भात्यासारखी चालली होती. तो थांबला आणि मीही थांबलो, आणि बी वाजायचं बंद झालं. मग जंगल ऐकू येऊ लागलं. वाळलेल्या पानांवर कोणीतरी लहान जीव पळाला. लांब कुठेतरी वानर खाकरलं. सुनिल आल्या पावली मागे फिरला, या वेळी चालत. ऐनापाशी आला. त्यानं बुंध्यावर तळहात ठेवला आणि नीट ठेवला. मग उजवीकडे वळला, तर मोहाचं वाकडं झाड समोरच उभं होतं. इतकं मोठं झाड मघाशी दिसलं कसं नाही, म्हणून तो स्वतःशीच पुटपुटला.

मोहाखाली तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. त्याला बहुधा ती पुस्तकं आठवली असतील. खडकापाशी मात्र तो खाली वाकला. खडकाला एका बाजूनं खोलगट जागा होती, तान्हं मूल मावेल एवढी. त्यानं त्या जागेत हात फिरवला. उन्हातही ती गार होती. मी ती जागा ओळखत होतो. तो झोपलेला असताना मी तिथंच वर फांदीला टांगलेला असायचो.

झऱ्यावर पोचल्यावर त्यानं ओंजळ भरली आणि तोंडाशी नेली. मग काय वाटलं कोण जाणे, ओंजळ खाली आणली, थोडं पाणी मातीवर सांडलं आणि मग प्यायला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाहतही नव्हतं. फक्त मी होतो.

लालसूचा तुंबा भरण्याआधी तो मला घेऊन बाजूला, झऱ्याच्या खालच्या अंगाला बसला. माझ्यात वाळू घातली, पाणी घातलं आणि बापानं हलवलं होतं तसं मला हलवलं. ओतलं, पुन्हा भरलं. वास काही जात नव्हता. पण शेवटच्या वेळी, इतक्या वर्षांनी, ते बी भोकातून निसटलं आणि वाळूबरोबर त्याच्या तळहातावर आलं. काळं पडलेलं, आक्रसलेलं, एवढंसं. त्यानं ते धुतलं आणि खिशात ठेवलं. मित्रांनो, मी रिकामा होतो आणि माझा आवाज गेला होता.

परतीच्या वाटेवर सूर्य आमच्या पुढे पळत होता. सुनिलचे पाय भरून आले होते, घसा कोरडा पडला होता आणि खांद्यावर गार पाणी होतं. ते त्याचं नव्हतं. जांभळींना चार थेंब, वारुळाला चार, खडकाला, मोहाला, ऐनाला. ओठ फाटले होते तरी हात आखडला नाही. वेळ कमी पडेल म्हणून मी आत तळमळत होतो. तो मात्र आता पळत नव्हता. वाट त्याला दिसत होती, म्हणून पाय आपोआप भराभर पडत होते.

डोंगरावर ढोल चालू होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. गावोगावची माणसं आपापलं पाणी वाहून बाजूला बसली होती. पूजा सांगणारे वडीलधारे भूमिया सोमारीला सारखे विचारत होते, तुझं कुठं आहे? ती एकच उत्तर देत होती, येऊन राह्यलं. सुनिल गर्दीतून पुढे आला तेव्हा लालसूनं आधी आपला तुंबा हुंगला आणि समाधानानं मान हलवली. मग लोक हसले.

भूमियांनी तुंबा हातात तोलला. काठापासून थोडा उणा होता. बाकीचं कुठं गेलं, त्यांनी विचारलं. सकाळपासून जे झालं ते सुनिलनं सगळं सांगितलं, धुळीत ओतलेलं पाणीसुद्धा. काही लपवलं नाही. आणि म्हणाला, "हे उरलं ते आनलं. बाकीचं वाटेत ज्याचं त्याले दिलं."

भूमिया म्हणाले, "मंग पुरं आलं."

त्यांनी तुंबा दिव्याच्या हातात दिला. तिच्या हातांना तो जड होत होता, म्हणून सुनिलनं खालून आधार दिला. दोघांनी मिळून पाणी वाहिलं. सोमारीनं जमिनीला डोकं टेकलं आणि ती बराच वेळ उठली नाही. उठली तेव्हा सूर्य गेला होता.

त्या रात्री सुनिलनं कामावर फोन करून उशिरा येतो म्हणून कळवलं. पुढे त्याला बोलणी खावी लागली. तो अजून बल्लारपूरलाच कामाला आहे, आणि त्याची घाई सगळीच गेली असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी त्या दिवशी तो गाडी लालसूच्या दारात उभी करतो, पायवाटेनं झऱ्यावर येतो आणि दिव्याला बोट धरून डोंगराकडे चालवत नेतो. दिव्या सांगते, की बल्लारपूरच्या स्टेशनवर बाबा बाटली उघडतात आणि आधी थोडं पाणी खाली सांडतात, तेव्हा शेजारचे लोक पाय मागे घेतात.

माझ्यातून निघालेलं ते बी दिव्यानं कुंपणापाशी लावलं होतं. ते उगवलं नाही. सोमारी म्हणाली, तेलानं मारलं. सुनिल तरी पुढचे किती तरी दिवस फोनवर विचारत राहिला, आलं का वर, आलं का.

माझ्यात पुन्हा पाणी भरता आलं नाही. दोन उन्हाळे मी अंगणात पडून होतो, तेव्हा कुठे वास गेला. मग सोमारीनं मला आढ्याला, जुन्या जागी पुन्हा टांगलं आणि नव्या वेलाच्या तुंब्यांमधलं बियाणं माझ्यात भरलं. मूठभर बिया, पुढच्या पावसासाठी.

म्हणून आता वारा आला की मी पूर्वीपेक्षाही जास्त वाजतो. ऐकणाऱ्याला वाटेल, रिकामा तुंबा असावा. तसं नाही. या सगळ्यांना बाहेर जायचं आहे, कुंपणावर चढायचं आहे, कोणाच्या तरी खांद्यावर बसून जंगल बघायचं आहे, आणि त्यांची घाई मला आतून ढवळत असते.

मित्रांनो, तुम्ही कुठेही निघालात तर खुशाल निघा, गाडीनं जा, पायी जा. पण घरचं जुनं भांडं टाकून देण्याआधी, त्यात भलतंसलतं भरण्याआधी, त्यानं आजवर काय वाहिलं ते एकदा आठवा. आणि वाटेत तहान लागली, बाटली उघडली, की पहिला घोट घेण्याआधी क्षणभर थांबा. जिच्यातून ते पाणी वर आलं ती तुमच्या पायाखालीच आहे. चार थेंब फार नाहीत. आधी तिले.